पत्रा कशाचा आहे, ते आधी विचारा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हाडा
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : जुन्या इमारतींची दुरुस्ती वा पाडकाम सुरू होण्याआधी अॅस्बेस्टॉस आणि शिशाचा शोध घेणं बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. ऑडिटला आलेला अभियंता कॉलमवर हातोडी मारून आवाज ऐकतो, बद्द वाजलं की खडूने खूण करतो. रिबाउंड हॅमर लावतो, स्लॅबची सळई किती फुगली ते बघतो, गच्चीची गळती लिहून घेतो. शेवटी इमारत सी-१, सी-२ की सी-३, म्हणजे पाडायची, मोठ्या दुरुस्तीची की किरकोळ दुरुस्तीची, हे ठरतं. या सगळ्यात एक साधा प्रश्न राहून जातो. गच्चीवरच्या शेडचा, सार्वजनिक संडासांच्या ओळीवरचा, मागच्या गॅलरीवर चढवलेला पत्रा कशाचा आहे? आणि जिन्याच्या कठड्यावर, दारंखिडक्यांवर पन्नास-साठ वर्षं थरावर थर चढत गेलेल्या ऑईल पेंटखाली काय आहे?

सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे बारीक तंतू असू शकतात आणि जुन्या रंगात शिसं; धूळ होऊन शरीरात गेली की दोन्ही विषारी. धड असलेला सिमेंटचा पत्रा कुणाच्या छातीत शिरत नाही. धड असलेला जुना रंगही भिंतीवर चिकटून असतो. धोका सुरू होतो तो आपण हात लावल्यावर : फोडल्यावर, घासल्यावर, भोक पाडल्यावर. आणि जुन्या इमारतीला हात लावायची परवानगी तुमच्या टेबलावरून जाते. दुरुस्तीची एनओसी असो, धोकादायक इमारतीची ३५४ ची नोटीस असो वा पुनर्विकासाचं प्रारंभ प्रमाणपत्र असो, कागद तुमचाच. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत, आणि रहिवाशांनीही वाचावं म्हणून उघड लिहीत आहोत.

आम्ही दुरुस्ती, रंगकाम आणि पाडकामाच्या धंद्यातली माणसं आहोत. यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवायचं कारण नाही. ही धूळ सगळ्यात आधी आमच्या कडियांच्या, रंगाऱ्यांच्या, बिगाऱ्यांच्या छातीत जाते, आणि अंगावरच्या कपड्यांतून त्यांच्या घरी. मग इमारतीतल्या रहिवाशांकडे, शेजारच्या इमारतीकडे.

हे आत्ताच का, तर पाडकामाचा वेग बघा. १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापन झालं तेव्हा बेट शहरात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारती मोजल्या गेल्या होत्या. त्यातल्या हजारो अजून उभ्या आहेत आणि एकेक करून पाडायला निघाल्या आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी, बहुतेक १९२० च्या दशकातल्या. शिवाय धारावी, जिथे छप्पर म्हटलं की सिमेंटचा पत्रा. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांवर कौलं काढून चढवलेले पत्रेही याच वयाचे झाले आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जेवढा जुना पत्रा या शहरांत उतरेल तेवढा आजवर कधी उतरला नसेल.

पहिली तक्रार ऑडिटबद्दलच.

बाजारात ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात त्यात साधारण दहावा हिस्सा क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं अॅस्बेस्टॉस असतं. बाकी सिमेंट आणि राख. देशात अॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणं १९८६ मध्ये थांबलं, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही बंद झालं. पण आयात चालू आहे, पत्रे बनणं चालू आहे, विक्री कायदेशीर आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस संपूर्ण बंदी आणली, त्यामुळे तिकडे अमुक सालानंतरचं घर असेल तर निर्धास्त राहता येतं. आपल्याकडे पत्र्याच्या वयावरून काहीच सांगता येत नाही.

पत्र्याखेरीज ते इतरही ठिकाणी असतं. पावसाच्या पाण्याचे करडे डाउनटेक पाईप आणि त्यांचे बेंड, गच्चीवरची जुनी सिमेंटची टाकी, डक्टच्या तोंडाला ठोकलेले सपाट पत्रे, जुन्या बॉयलरभोवतीचं लिंपण, चिनी मातीच्या फ्यूजमधली पांढरी दोरी. यात लिंपण सगळ्यात वाईट. पत्र्यातले तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात, लिंपण बोटाने चुरडतं. गिरण्या, जुनी हॉस्पिटलं, लॉन्ड्र्या इथे पाईपांवर पांढरट लिंपण आणि त्यावर गुंडाळलेलं कापड दिसलं तर तिथून माणसं बाजूला काढायची आणि प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

डोळ्यांनी खात्री होत नाही. तुटलेल्या कडेला पांढऱ्या केसांसारखी बारीक लव दिसते, पण तशी लव अॅस्बेस्टॉस नसलेल्या फायबर सिमेंटच्या पत्र्यालाही असू शकते, कारण त्यात प्लास्टिकचे किंवा लगद्याचे तंतू असतात. म्हणून नमुना तपासावा लागतो. तो घेणं अवघड नाही. पत्र्याचा कोपरा साबणाच्या पाण्याने भिजवायचा, पक्कडीने रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा तोडायचा, ओल्या कागदात गुंडाळून एकात एक अशा दोन झिप पिशव्यांत ठेवायचा, वर जागा आणि तारीख लिहायची. तुटलेल्या कडेला लगेच रंगाचा हात मारायचा. प्रयोगशाळेत पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपखाली कोणता तंतू आहे ते कळतं. ऑडिटर इमारतीत येतोच, शिडी लावतोच, काँक्रीटचे कोअर काढतोच. त्याच फेरीत चार-पाच तुकडे घ्यायला अर्धा तास पुरे.

दुसरी तक्रार धुळीच्या नियमांबद्दल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्या भूखंडाभोवती पस्तीस फूट उंचीचे पत्रे, पाडकामाला हिरवं कापड किंवा ओलं गोणपाट, पाण्याचे फवारे. हे चांगलं झालं, त्याची गरज होतीच. पण या सूचना धुळीला एकच धूळ समजतात. विटेची धूळ डोळ्यांना दिसते, खोकला आणते, माणूस आपणहून तोंड फिरवतो. अॅस्बेस्टॉसचा जो तंतू फुप्फुसात खोल जातो तो तीन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि पाच मायक्रॉनपेक्षा लांब असतो. तो दिसत नाही, वास नाही, त्या दिवशी काही त्रासही नाही. हिरव्या जाळीचं भोक त्याच्या कित्येक पट मोठं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, पहिल्या गटात टाकले आहेत, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, फुप्फुस कडक होत जाणारा अॅस्बेस्टॉसिस. यांतला बहुतेक आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर इमारत गेलेली, ठेकेदार गेलेला.

साइटवर काय होतं ते सांगतो. पाडकाम वरून खाली चालतं, म्हणून पहिला नंबर पत्र्याचा. पत्रा जे-हुकने कैचीच्या अँगलला धरलेला असतो, वर डांबरी वायसर आणि नट. वीस पावसाळे खाल्लेला नट पान्याला दाद देत नाही, त्याचे कोपरे घासून गोल झालेले असतात. मुकादम म्हणतो, मार. हातोडीचा फटका बसला की भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात, हुक मोकळा होतो, पत्रा दोन तुकड्यांत खाली. फार वेळ लागला तर ग्राइंडर. ग्राइंडरच्या चकतीने सिमेंटचा पत्रा कापणं याहून घातक काम जुन्या इमारतीत दुसरं नाही, कारण धरून ठेवलेले तंतू ती चकती पीठ करून उडवते. खाली बाई झाडू घेऊन उभी असते, ती कोरडंच झाडते.

दुरुस्तीतही हेच घडतं, फक्त कमी आवाजात. पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारला जातो, किंवा गाड्या धुवायच्या प्रेशरच्या पाण्याने पत्रा धुतला जातो. वरचं सिमेंट आधीच पावसाने झिजलेलं असतं, तंतू उघडे असतात. ते पाण्याबरोबर पन्हळीत उतरतात आणि वाळले की पुन्हा हवेत. डिश अँटेनासाठी ड्रिलने भोक पाडलं जातं. प्लास्टिक टाकायला माणसं पत्र्यावर चढतात, आणि जुना पत्रा कडकडीत असल्यामुळे कोसळून पडतात. तो धोका तंतूंपेक्षा जवळचा, म्हणून वेगळा सांगितला : पत्र्यावर कधीच थेट पाय देऊ नये, पर्लिनवर, म्हणजे पत्र्याला खालून आधार देणाऱ्या दांड्यांवर, आडव्या टाकलेल्या फळीवरूनच चालावं.

योग्य पद्धत फार महाग नाही. काम चालू असताना खालची जागा मोकळी, वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद. बागेतल्या पंपाने पत्र्याच्या दोन्ही बाजू बारीक फवाऱ्याने भिजवायच्या. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घातला की पाणी वरून ओघळून न जाता आत मुरतं. नट आधी भिजवायचा, फिरला तर ठीक, नाही तर बोल्ट-कटरने हुक तोडायचा, पत्रा नाही. पत्रा अखंड सोडवून दोरीने किंवा दोघांच्या हातांनी खाली द्यायचा, फेकायचा नाही, ओढत न्यायचा नाही, रचताना एकमेकांवर घासायचा नाही. खाली २०० मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक, त्यात गुंडाळून टेप, पुन्हा एक थर, पुन्हा टेप, वर मोठ्या मराठी-हिंदी अक्षरांत ‘अॅस्बेस्टॉस, फोडू नका’. उरलेली खपली ओल्या फडक्याने उचलायची, फडकंही त्याच गाठोड्यात. झाडू नाही, घरगुती व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नाही, कारण त्याची पिशवी तंतू अडवत नाही, मागच्या बाजूने खोलीभर पसरवते.

तोंडाला रुमाल किंवा सर्जिकल मास्क बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. एफएफपी-३ मास्क किंवा पी-१०० फिल्टरचा रबरी अर्धमुखवटा लागतो, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर हवा कडेने आत जाते, मग मास्क कितीही भारी असो. टोपीसकट टाकून द्यायचा अंगरखा, काम संपल्यावर तो ओला करून आतून बाहेर गुंडाळत उतरवायचा, मास्क सगळ्यात शेवटी. रोजचे कपडे वेगळे. या सगळ्याने एका दिवसाचं काम दोन दिवसांचं होतं. आज जो ठेकेदार हे करतो तो निविदेत मागे पडतो, कारण निविदेत याची ओळच नसते. आमच्यातल्या प्रामाणिक माणसाला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

तिसरी तक्रार : उतरलेला पत्रा टाकायचा कुठे?

धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, पहिल्या अनुसूचीत, टाकाऊ अॅस्बेस्टॉस आहे. पण ते अॅस्बेस्टॉसच्या उत्पादन प्रक्रियेच्या शीर्षकाखाली आहे. म्हणजे कारखान्याच्या दारातून बाहेर पडलेला तुकडा धोकादायक, आणि तोच पत्रा चाळीस वर्षांनी घरावरून उतरला तर काय, हे विचारायला गेलं की प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते. २०१६ च्या बांधकाम राडारोड्याच्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्याला काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक, विटा-गिलावा असं वेगळं करायला सांगितलं. या चारांत अॅस्बेस्टॉसला खण नव्हता. अॅस्बेस्टॉसच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याचं भारतीय मानक, आयएस ११७६८, १९८६ सालचं आहे. म्हणजे कसं करायचं ते माहीत नाही असं नाही.

व्यवहारात काय होतं? अखंड पत्रा पुन्हा विकला जातो आणि दुसऱ्या वस्तीच्या डोक्यावर जातो. अर्धा पत्रा गटारावर झाकण होतो, कुंड्यांच्या कडेला उभा राहतो, चुलीमागे आडोसा होतो. तुकडे पोरं लंगडीच्या घरांच्या रेघा मारायला घेतात, खडूसारखे उमटतात म्हणून. उरलेला चुरा राडारोड्यात. आणि आता राडारोडा दळला जातो. दहिसर आणि शीळफाट्याजवळ प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, त्यातून वाळू, खडी, पेव्हर ब्लॉक बनतात. ही सोय आम्हाला मनापासून हवी होती. पण त्या क्रशरमध्ये एक गाडी पत्र्याचा चुरा गेला तर तंतू त्या वाळूत येतात, आणि ती वाळू नव्या घराच्या गिलाव्यात. एकदा मिसळल्यावर वेगळं काढता येत नाही. गेटवर ताडपत्री उघडून बघणारा एक शिकवलेला माणूस ठेवला तर हे थांबतं.

दुसरीकडे, तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी इथे धोकादायक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारी सामायिक केंद्रं आहेत. तिथे कारखाने जातात. वीस पत्रे घेऊन एखादी गृहनिर्माण संस्था कशी जाणार, कोणता फॉर्म भरणार, कोणत्या गाडीतून नेणार, याचं उत्तर आज वॉर्ड ऑफिसमध्ये मिळत नाही.

चौथी तक्रार रंगाची, आणि ती लहान मुलांची आहे.

घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑईल पेंटवर अशी सक्तीची मर्यादा नव्हती. शिसं विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत सापडतं, कारण चमकदार पिवळा बहुधा शिशाच्या क्रोमेटने येत असे. लोखंडी गजांवरचा तळाचा हातही बघायला हवा. विटकरी रंगाचा रेड ऑक्साईड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साईड, त्यात शिसं नाही. पण जुन्या गॅलऱ्यांच्या कठड्यांवर, जिन्याच्या बिडाच्या जाळीवर खरवडल्यावर भडक नारिंगी थर निघाला तर तो रेड लेड, म्हणजे आपला शेंदूर, म्हणजे शिसंच. नळांच्या आट्यांवर सुताबरोबर लावलेला जुना सफेदाही शिशाचा असू शकतो.

थरांवर थर असल्याने वरून पुसून तपासलं तर नवा रंग ‘शिसं नाही’ असं सांगतो. म्हणून दाराच्या आतल्या कडेला कटरने तिरकी खाच घ्यायची, लाकूड दिसेपर्यंत, म्हणजे सगळे थर झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखे उघडे पडतात. त्यावर ऱ्होडिझोनेट या रसायनात भिजवलेला बोळा घासायचा, गुलाबी-लाल झाला तर शिसं आहे. लाल रंगाच्या थरावर ही खूण फसवते, तिथे तुकडा प्रयोगशाळेतच द्यावा. सराफाकडे सोनं तपासायला असतं त्याच तत्त्वाचं एक्सआरएफ यंत्र हातात धरून काही सेकंदांत आकडा देतं. असं एक यंत्र दोन-चार वॉर्डांत मिळून फिरवता येईल.

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मुंबईतल्या जुन्या घरांत काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. रंगारी पॉलिश पेपर घेऊन दार कोरडंच घासतो, खोलीत पांढरी पूड, मूल तिथेच रांगतंय. मुलाचं शरीर गिळलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट जास्त शोषतं. बुद्धीची वाढ, लक्ष, रक्त, सगळ्यावर परिणाम होतो, आणि सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळाकडे जातं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालात, रक्तात डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असलेल्या भारतीय मुलांचा अंदाज सत्तावीस कोटींच्या वर आहे. त्याची कारणं अनेक आहेत, बॅटऱ्या, भांडी, मसाल्यातली भेसळ. पण घरातली रंगाची पूड हे असं कारण आहे जे तुमच्या एका परिपत्रकाने कमी होतं.

रंगाऱ्याला सांगायचं ते थोडकं आहे. रंग धड असेल तर खरवडू नका, साबणाने धुऊन वर नवा हात द्या. घासायचंच असेल तर पाणी मारून वॉटर पेपरने. ब्लो लॅम्प बंद, कारण ज्वाळेने शिशाचा धूर होतो. खाली प्लास्टिक, भिंतीपासून सहा फूट. मुलं आणि गरोदर बाई काम संपून ओली पुसणी होईपर्यंत त्या खोलीत नकोत. पुसायला दोन बादल्या, एक साबणाची, एक धुण्याची, आणि ते फडकं पुन्हा वापरायचं नाही. खपल्या कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात टाकायच्या नाहीत. जी खिडकी उघड-मिटीला चौकटीवर घासते तिथे रंगाची पूड रोजच पडत असते. तिथे नुसता वरून रंग देऊन भागत नाही, झडप काढून बाहेर नेऊन ओली घासावी किंवा बदलावी.

पाचवी तक्रार माणसांची. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षं किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर, ठेवायला सांगितली. कारण आजार उशिरा येतो. नाक्यावरून उचललेला बिगारी मात्र दोन दिवस एका इमारतीवर, तिसऱ्या दिवशी दुसरीकडे. त्याचं नाव कुठल्याही मस्टरवर नाही. तीस वर्षांनी गावाकडे त्याला दम लागेल तेव्हा डॉक्टर क्षयाची औषधं देईल, कारण कुणी विचारणार नाही की तू पत्रे फोडायचास का.

जुन्या घरात आणखीही काही लपलेलं असतं. डक्टमध्ये साचलेली कबुतरांची विष्ठा, जी कोरडी खरवडली तर फुप्फुसाला सूज आणते, म्हणून तीही आधी भिजवावी. लाकडी तुळयांना वाळवीसाठी पाजलेलं ऑल्ड्रिनसारखं, १९९६ पासून बंदी असलेलं औषध, म्हणून अशा तुळया बंबात जाळू नयेत. ट्यूबलाइटमधला पारा, म्हणून पाडकामाआधी नळ्या काढून वेगळ्या द्याव्यात. शोधाचा एक कागद आला की हेही त्यातच बसेल.

आता मागण्या.

स्ट्रक्चरल ऑडिटच्या नमुन्याला एक पान जोडा. अॅस्बेस्टॉस असलेल्या वस्तू कुठे, किती चौरस मीटर, कोणत्या अवस्थेत, नमुन्याचा निकाल काय. शिशाचा रंग कुठे. याची प्रत संस्थेच्या सूचना फलकावर लागली पाहिजे.

म्हाडाची दुरुस्ती असो, पालिकेची शाळा असो वा खासगी पुनर्विकास असो, या पानाशिवाय परवानगी देऊ नका. अॅस्बेस्टॉस उतरवणं हा पाडकामाआधीचा वेगळा टप्पा करा, त्याची निविदेत वेगळी ओळ ठेवा, म्हणजे नीट काम करणारा दराने हरणार नाही. तो टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला आणि विल्हेवाट केंद्राची पावती दाखवल्यावरच जेसीबी आत जाऊ द्या.

प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका ओळीचं स्पष्टीकरण काढावं : घरावरून, चाळीवरून, शेडवरून उतरलेलं अॅस्बेस्टॉस धोकादायक कचरा आहे, राडारोडा नाही, आणि त्याची पुनर्विक्री चालणार नाही. घरगुती धोकादायक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलंच होतं. त्याच केंद्रांवर गुंडाळलेले पत्रे घ्या. राडारोडा उचलायला जशी फोनवर गाडी मिळते, तशी पत्र्यांसाठी महिन्यातून एक ठरलेली फेरी ठेवा, आणि वीस-पंचवीस पत्र्यांपर्यंत ती फुकट असू द्या. पैसे लागले तर माणूस रात्री खाडीत टाकतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जाड प्लास्टिक आणि टेप वॉर्ड ऑफिसमध्ये मिळावा.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे उपकराचा निधी जमा होतो. त्यातून नाक्या-नाक्यावर एका दिवसाचं प्रशिक्षण द्या, मास्क वाटून नव्हे तर घालून दाखवून. पत्रा उतरवणाऱ्याचं आणि रंगाऱ्याचं नाव नोंदवा, छातीची तपासणी ठरावीक वर्षांनी करा, ती नोंद चाळीस वर्षं ठेवा. आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत सहा वर्षांखालच्या मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी मोफत सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मायक्रोग्रॅमच्या पुढे उगम शोधायला सांगितलं आहे, तर अशा मुलाच्या घरी आरोग्य निरीक्षकाने जाऊन दार-खिडकी तपासावी.

एक गोष्ट मात्र करू नका. उद्या घबराट होऊन ‘सगळे पत्रे ताबडतोब काढा’ अशी नोटीस काढू नका. तसं झालं तर आठवड्याभरात लाखो पत्रे हातोडीने फुटतील आणि आजच्यापेक्षा जास्त विष हवेत जाईल. जो पत्रा धड आहे, हाताला लागत नाही, त्याला ओल्या हलक्या हाताने स्वच्छ करून रंगाचा जाड लेप द्यावा, वर्षातून एकदा बघावा आणि बदलायची वेळ येईपर्यंत तसाच राहू द्यावा. तडा गेलेला, भोकं पडलेला, कडा चुरणारा आधी काढावा.

दरवर्षी पावसाळ्याआधी तुम्ही अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करता. पुढच्या यादीतल्या प्रत्येक इमारतीसमोर हा एक रकाना असावा, एवढ्यापासून सुरुवात करा. नमुना पान कसं असावं, नमुने कसे घ्यावेत, मुकादमांना काय शिकवावं, यासाठी आमचा वेळ आणि हात तुमच्याकडे विनामूल्य आहेत. उत्तर लेखी आणि जाहीर मिळावं, ही विनंती.

कळावे,

आपले,
जुन्या इमारतींच्या दुरुस्ती, रंगकाम आणि पाडकामाशी संबंधित काही नागरिक